दोन्ही परिणामच असतील तर?

परीक्षेतल्या कारण-परिणाम प्रश्नांत दोन विधानं देऊन त्यांचं नातं विचारतात. तिथे 'आधी घडलं ते कारण, नंतरचं तो परिणाम' हा नियम अर्ध्या वाटेवर सोडून देतो. 'पेट्रोल महागलं' आणि 'विमानभाडं वाढलं' ही जोडी घ्या. घाईत पहिलं विधान कारण वाटतं. पण जेट विमानं पेट्रोलवर उडतच नाहीत, त्यांचं इंधन केरोसीनच्या जातीचं! कच्चं तेल महागलं की दोन्ही वाढतात, म्हणून 'दोन्ही एकाच कारणाचे परिणाम' हा पर्याय.

मी दोन विधानांच्या मध्ये 'म्हणून' घालून सुलट-उलट वाचतो. दोन्हीकडून अडलं तरच सामाईक कारण शोधायचं. तेही ओढूनताणून आणावं लागलं, तर विधानं स्वतंत्र समजा. आणि प्रश्नाच्या सूचनेत 'तात्काळ व मुख्य कारण' असं लिहिलंय का बघा. मग साखळीतला लांबचा दुवा चालत नाही.