मोतीबिंदू, काचबिंदू आणि वाड्यातला जिना

रामबागकर, इंदूर
सासूबाई ७६ वर्षांच्या. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा बाकी. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब, प्रोग्रेसिव्ह चष्मा. वाड्याचा लाकडी जिना चढताना अडचण नाही, उतरताना शेवटची पायरी चुकते. चष्मा बदलावा की जिना?

नेत्रतपासनीस
आधी चष्मा. प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग वाचनाचा, ३०-४० सेंमीवर स्पष्ट. पायरी असते दीड मीटरवर, म्हणून तिची कड पुसट दिसते. नियमित बाहेर हिंडत असतील तर चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करा. बहुतेक वेळ घरातच असतील तर दोन चष्म्यांची अदलाबदल उलट त्रासाची; मग हनुवटी छातीकडे नेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी बघायची सवय लावा. नंबर एकदम फार बदलू नका, नव्या नंबरच्या सुरुवातीलाच माणसं पडतात.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन रेंगाळू देऊ नका. एक डोळा स्वच्छ, दुसरा धूसर असला की खोलीचा अंदाज येत नाही. शिवाय पेरिमेट्रीचा, म्हणजे नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीचा कागद डॉक्टरांपुढे ठेवून विचारा, नजरेची खालची बाजू गेली आहे का? काचबिंदूत ती गेली की पायाजवळचं दिसतच नाही, आणि त्याला कुठलाच नंबर उपयोगी नाही.

औषधवाला
टिमोलॉल नाकावाटे रक्तात उतरतं, नाडी मंदावते, उठताना चक्कर येऊ शकते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबून धरा. बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. दमा असेल तर हे औषध चालतं का, आधी विचारा.

मलबारी
ताई, जिनाही सोडू नका. काळपट लाकडावर पिवळी, खरखरीत, ५ सेंमीची पट्टी प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला. मागे सरकवून लावली तर पाऊल हवेत पडतं. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंमी न्या, म्हणजे जमीन आल्याचं हाताला कळतं. दिव्याचं बटण वर आणि खाली दोन्हीकडे हवं. सराफ्याच्या झगमगाटातून अंधाऱ्या बोळात आल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, तेव्हा दारातच थोडं थांबवा.

हाडांचं खातं
डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ, साध्या पडण्यानंही खुबा मोडतो. पडल्यावर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर उभं करायचा प्रयत्न नको, तसंच झोपवून १०८ बोलवा.