वजन उतरवायचंय, मग द्राक्षं बंद करायची का?

विश्रामबागवाली

वय ४१, वजन ७६, उंची पाच फूट दोन. जानेवारीपासून सांगलीतच एका जिमला जाते. तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी कागद हातात दिला, त्यावर पहिली ओळ: फळं पूर्ण बंद. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, फळातलं फ्रुक्टोज सरळ लिव्हरला जातं आणि तिथं त्याची चरबी होते. मी मुकाट्यानं बंद केली.

आता पंचाईत अशी की माहेर तासगावकडचं आणि महिना फेब्रुवारी. दादानं परवा द्राक्षांच्या दोन पेट्या पाठवल्या. नवरा आणि पोरं टीव्हीपुढे बसून घडच्या घड रिकामे करतायत, आणि मी शेजारी ताकाचा पेला धरून बसलेय. पाच आठवड्यांत दीड किलो उतरलंय. खरं सांगायचं तर चार वाजता जी कडकडून भूक लागते, तिला हल्ली मी भडंग घालते. सरांना हे सांगितलेलं नाही.

वजन कमी करताना फळांची साखर खरंच मोजायची असते का? अनुभव आणि माहिती, दोन्ही चालेल. डायबेटिस नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत.

मोजूनमापून

तुमचे सर बरोबर आहेत, पण कारण चुकीचं सांगतायत.

मी मिरजेचा, दहा महिन्यांत १४ किलो उतरवलं. वही घालून आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढलं तेव्हा कळलं की गळती कुठं आहे. रात्री नऊला पोटभर जेवण, आणि साडेनऊला फळांचं ताट. दोन केळी, पाव किलो द्राक्षं, उन्हाळ्यात आंबा. सगळं ‘हेल्दी’ म्हणून बिनहिशेबी. १०० ग्रॅम द्राक्षांत ७०च्या आसपास कॅलरी. पाव किलोला पावणेदोनशे. त्यावर दोन केळी धरा, म्हणजे पावणेचारशे झाल्या, आणि ह्या जेवल्यानंतरच्या. आपल्याकडे जेवणाऐवजी फळ कोण खातं? जेवणावर खातात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसभराच्या २००० कॅलरींचं जे ताट सांगितलं, त्यात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम. शंभर! म्हणजे द्राक्षांचे वीसेक मणी. तुमच्या घरातली पोरं टीव्हीपुढे वीस मण्यांवर थांबतायत का, बघा जरा.

कोरडवाहू

वरच्या प्रतिसादाशी असहमत, आणि जिमच्या सरांशी तर फारच.

आधी लिव्हरचं बघू. फ्रुक्टोज बरंचसं लिव्हरमध्येच हाताळलं जातं, हे खरं. पण ते काय फक्त फळातूनच येतं? आपण चहात घालतो ती साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. मधात तर ते आणखी जास्त. ताई, एक विचारते. सरांनी सकाळी लिंबू-मध पाणी सांगितलंय का? सांगितलं असेल तर गंमत बघा. दोन मोठे चमचे मध घेतला, साधारण ४० ग्रॅम, तर त्यात पंधरा-सोळा ग्रॅम फ्रुक्टोज येतं. तेवढंच २०० ग्रॅम द्राक्षांतून. म्हणजे सकाळी मधाच्या नावानं घ्यायचं आणि संध्याकाळी द्राक्षाला घाबरायचं!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेवर मर्यादा घातली ती ‘मोकळ्या’ साखरेवर. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस, हे सगळं मोकळ्यात धरलंय. अख्ख्या फळातली साखर धरलेली नाही. रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच. दोन हजार कॅलरींना पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सहा चमचे. आपल्या भागात शंभर किलो उसातून अकरा-बारा किलो साखर निघते, उतारा म्हणतो तो हाच. रसवंतीतला मोठा ग्लास पाव लिटरचा. त्यात किती गेली ते तुम्हीच काढा. बर्फ धरला तरी सहा चमचे एका दमात संपतात.

आणि नेमक्या ह्याच प्रश्नावर मेक्सिकोत प्रयोग झालाय, २०११ मध्ये प्रसिद्ध. जाड असलेली १३१ माणसं, दोन गट, दोघांचा आहार कमी कॅलरींचा. एका गटाला फ्रुक्टोज दिवसाला २० ग्रॅमच्या आत, दुसऱ्याला ५० ते ७० ग्रॅम, तेही मुख्यतः फळांतून. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी २.८ किलो उतरलं आणि फळंवाल्यांचं ४.२.

फळ खाऊन जाड झालेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. वडापाव खाऊन झालेले रोज भेटतात.

मोजूनमापून

@कोरडवाहू, मी भेटलो की. मीच तो.

मेक्सिकोचं तुम्हीच नीट वाचा: दोघांचाही आहार कमी कॅलरींचा. म्हणजे तिथं फळं हिशेबात बसवली होती. माझं म्हणणं तेच तर आहे, हिशेबात धरा. आणि प्रयोग सहा आठवड्यांचा. सहा आठवड्यांत मी तर कशावरही वजन उतरवून दाखवीन, खरा प्रश्न सातव्या महिन्यात सुरू होतो.

दुसरं, तुम्ही ‘अख्खं फळ’ म्हणता तेव्हा मनात पेरू असतो आणि समोरचा खातो द्राक्षं. पेरूत १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या वर चोथा. द्राक्षात एक ग्रॅमसुद्धा नाही. पेरू चावता चावता जबडा दुखतो, एकावर माणूस थांबतो. बिनबियांचं द्राक्ष म्हणजे पातळ सालीत बांधलेला रसच.

शेततळं

नमस्कार. मी बागायतदार, तीन एकर माणिकचमन द्राक्षं. डॉक्टर न्हाई, जिमवाला न्हाई, पण द्राक्षातली साखर मोजायचं काम वर्साला आमीच करतो, म्हणून बोलतो.

वर ७० कॅलरी लिवलंय ते पुस्तकातलं. पुस्तकात १०० ग्रॅमला साखर पंधरा-सोळा ग्रॅम धरत्यात. आमच्याकडं ब्रिक्स मीटर असतोय. मणी पिळायचा, थेंब काचंवर टाकायचा, उजेडाकडं धरून आकडा बघायचा. रसात जे काय विरघळलंय त्याचा तो आकडा, आणि द्राक्षात विरघळलेलं म्हंजे जवळजवळ साखरच. खायच्या मालाला १८ लागल्याबिगर आमी हात लावत न्हाई. बेदाण्याला टाकायचा तर २२च्या फुडं. मग ताईंच्या दादानं घरच्या माणसाला कसला माल पाठवला असंल? व्यापाऱ्याला दिला त्येच्यापेक्षा ग्वाडच की! घरच्यांसाठी येलावर चार दिस जादा ठेवत्यात. तवा पुस्तकातल्या आकड्यात थोडी भर घाला.

आता दुसरी बाजू. बागंत आमी दिवसभर द्राक्षं खातोय, तोडणीला आलेल्या बायकाबी खात्यात. कुणाचं प्वाट सुटलेलं न्हाई. पण त्या आठ तास उभ्या असत्यात, हात वर करून. टीव्हीफुडं न्हाई.

आन बेदाण्याबद्दल कुणीच बोलंना. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा हुतो. पाणी गेलं, साखर हाय तितकीच. जिमला जाणारी पोरं खिशात बेदाणा घालून फिरत्यात, ड्रायफ्रूट हाय म्हणून. मूठभर म्हंजे ३० ग्रॅम, ती पाव घडाएवढी झाली की राव. आणि घड खायला यळ लागतो, मूठ एका घासात जाती. (माझाच माल हाय, खाऊ नका म्हणत न्हाई. शेरभर नेऊन महिनाभर पुरवा.)

कोरडवाहू

@शेततळं, ब्रिक्सचं मला माहीत नव्हतं. मान्य, आकडा वाढवून धरते. एक गंमत आठवली, ग्लुकोजला आपल्या पाठ्यपुस्तकात शब्दच ‘द्राक्षशर्करा’ आहे.

@मोजूनमापून, तोंडाला किती वेळ लागतो हा मुद्दा मात्र तुमच्या बाजूनं नाही, माझ्या बाजूनं जातो. १९७७ मधला जुना प्रयोग आहे: सफरचंदं एकदा तशीच, एकदा कुस्करून, एकदा रस काढून. साखर तिन्हींत तेवढीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट लवकर संपला आणि पोट सगळ्यांत कमी भरलं. मग आडकाठी घालायची तर रसाला, बेदाण्याला, मिल्कशेकला घाला. फळाला कशाला? आणि द्राक्षात चोथा नाही म्हणून त्याला रसाच्या पंगतीत बसवू नका. अमेरिकेतल्या नर्स आणि आरोग्यसेवेतल्या इतर मंडळींची वर्षानुवर्षं नोंद ठेवून २०१३ मध्ये जे मांडलं गेलं, त्यात मधुमेहाचा धोका कमी दिसला तो ब्लूबेरी, सफरचंद आणि द्राक्षं खाणाऱ्यांत. रस पिणाऱ्यांत जास्त. वजनाचा प्रश्न वेगळा आणि अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी ‘द्राक्ष म्हणजे रसच’ हे त्यात बसत नाही.

घाटावरचा

इथं एक गोष्ट बाजूला काढा. मी मधुमेही, अकरा वर्षं गोळ्या चालू. माझ्या यंत्रावर द्राक्षांनंतर दोन तासांनी जो आकडा दिसतो तो पेरूनंतर दिसत नाही, केळ्यानंतर मधलाच कुठंतरी. माझ्यासारख्यानं ह्या धाग्यातलं वाचून घड उचलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. धागाकर्तीला साखर नाही म्हणाल्यात, तेव्हा हे त्यांच्यासाठी नाही.

मोजूनमापून

घाटावरचे, सहमत.

कोरडवाहू, रस, शेक, बेदाणा तर बंदच. त्यावर वाद नाही. माझा वाद ‘फळ कितीही खा’ ह्या एका वाक्याशी आहे. उपवासाचं घ्या ना. चतुर्थीला आमच्या घरी ‘आज नुसती फळं’ असं जाहीर होतं, आणि संध्याकाळपर्यंत फळं अधिक खिचडी अधिक वेफर्स असा बेत होतो.

कोरडवाहू

‘कितीही’ मी कुठं लिहिलं? दाखवा.

विश्रामबागवाली

सगळ्यांचे आभार. दोन कामं केली.

पहिलं, सरांना मधाचं विचारलं. (हो, लिंबू-मध पाणी कागदावर आहेच, दोन चमचे!) म्हणाले, मध वेगळा असतो. कसा वेगळा, म्हटलं, तर म्हणाले आज पायांचा व्यायाम आहे, चला.

दुसरं, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि पेटीतला एक मध्यम घड ठेवला. ४३० ग्रॅम. दादाला फोन केला, ब्रिक्स किती होता? म्हणाला, तुला कशाला, खा गप. परत विचारलं तेव्हा म्हणाला १९. म्हणजे एका घडात ऐंशी ग्रॅमच्या आसपास साखर, सव्वातीनशे कॅलरी. मी धसकलेच. पण मग भडंगाची वाटीही काट्यावर ठेवली, वरचे शेंगदाणे आणि तेल धरून हिशेब केला, आणि रोज दोन वाट्या होतात हे कबूल केल्यावर घडाबद्दलचा राग गेला.

तर ठरवलंय ते असं. मध बंद. भडंग रविवारी. चार वाजता, भडंगाच्या जागी, अर्धा घड, बसून, टीव्ही बंद करून. रात्री जेवणावर फळ नाही. द्राक्षं संपली की पेरू, पपई. महिनाभरानं काटा काय म्हणतो ते इथंच सांगेन.

मोजूनमापून

अर्धा घड म्हणजे २१५ ग्रॅम, शंभराच्या दुप्पट. पण भडंगाच्या जागी आहे, म्हणून गप्प बसतो. हापूस आला की परत भांडू.

शेततळं

ताई, बेत चांगला हाय. पण वीस वर्सं बाग करतोय, अर्धा घड खाऊन उरलेला अर्धा परत ताटात ठेवणारं माणूस मी अजून बघितलं न्हाई. घड आदीच कात्रीनं कापून घ्या, आन दुसरा अर्धा पोरांच्या हातात द्या.