मदत हवी आहे : जाळरेषा ओलांडून येणाऱ्या ठिणग्यांपासून रोपे कशी वाचवावीत?

नमस्कार. बावधनजवळच्या एका टेकडीवर आम्ही काही शेजारी सहा वर्षांपासून कडुनिंब, बहावा, आपटा अशी रोपे जगवत आहोत. दिवाळीनंतर गवत वाळले की आम्ही दहा फूट रुंद जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढतो आणि आजवर तेवढ्यावर भागत होते. यंदा मार्चमध्ये भर दुपारी पलीकडच्या उतारावर वणवा लागला, तो रेषेपाशी येऊन विझला, आम्ही निश्चिंत होऊन खाली उतरलो आणि तासाभराने रेषेच्या अलीकडे, चाळीसेक पावले आत, धूर दिसला. अकरा रोपे गेली.

जागा नंतर नीट पाहिली. रेषा काढताना कापलेल्या कुसळी गवताचा ढीग आम्हीच तिथे रचून ठेवला होता (हा शहाणपणा आमचाच), आणि त्याच्या कडेला निलगिरीच्या सालीचा बोटभर, एका बाजूने राख झालेला तुकडा सापडला. मला समजले ते असे : गवताची ठिणगी हलकी असल्याने बहुधा हवेतच विझते, पण सालीच्या किंवा काटकीच्या तुकड्यात धग टिकते, तो भुसभुशीत, कोरड्या पाचोळ्यात पडला की आधी नुसता धुमसत राहतो आणि वाऱ्याची झुळूक आली की पेट घेतो. पाचोळा ओलसर असेल, तर बरीचशी धग पाणी सुकवण्यातच खर्च होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत निलगिरीच्या जळत्या साली वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नव्या आगी लागल्या होत्या. तेव्हा रेषा दहाची वीस फूट करून आमचा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही.

खरी अडचण पुढे आहे. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून प्रत्येक आळ्यात आम्ही वाळक्या गवताचे जाड आच्छादन घालतो, म्हणजे ठिणगीसाठी गादीच अंथरून ठेवतो. ते काढले तर एप्रिलमध्ये रोपे माना टाकतात, कारण पाणी आठवड्यातून एकदाच वर चढवता येते. आच्छादनाऐवजी आळ्यात चपटे दगड रचून कोणी पाहिले आहे का? त्याने मुळे तापतात का? कापलेले गवत खाली वाहून नेणे शक्य नसेल, तर त्याचे काय करावे? आणि वणवा विझल्यावर टेकडीवर किती वेळ पहारा ठेवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे; पुढची रेषा आम्ही नोव्हेंबरमध्ये काढणार आहोत.