मदत हवी आहे : भाताच्या बरण्यांचा प्रयोग नीट कसा करायचा?

नमस्कार मंडळी, मुलगी सातवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी तिने तो भाताचा प्रयोग घेतलाय, शिजवलेला भात दोन बरण्यांत भरायचा, एकीवर 'धन्यवाद' दुसरीवर 'मूर्ख' अशी चिठ्ठी लावायची आणि रोज तसंच बोलायचं, मग म्हणे 'मूर्ख'वाला भात लवकर खराब होतो. हे जपानचे लेखक मासारू इमोटो यांच्यामुळे पसरलं, ते पाण्याला चांगले-वाईट शब्द दाखवून, पाणी गोठवून स्फटिकांचे फोटो काढायचे आणि चांगल्या शब्दांनी सुंदर स्फटिक बनतात म्हणायचे.

नवव्या दिवशी 'मूर्ख'वाल्या बरणीत काचेला चिकटून काळी बुरशी आली, दुसरीत नुसता पिवळसर भात. पोरगी त्या बरणीची माफी मागत बसली हो, मला बघवेना. पण मला पटत नाहीये, कारण ती बरणी सिंकजवळ होती आणि दोन्हींत भात एकाच पळीने भरला होता का तेही आठवत नाही. इमोटोंकडेसुद्धा एकाच पाण्याचे भरपूर नमुने गोठवून त्यातले फोटो निवडले जायचे. आणि बर्फाच्या स्फटिकाचा आकार तापमान आणि आर्द्रतेवर ठरतो हे जपानचेच भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत स्फटिक वाढवून दाखवलं होतं.

आता परत करायचं म्हणतोय. प्रत्येकी दहा बरण्या पुरतील का? बरण्या उकळून घेतल्या तर चालेल ना? चिठ्ठ्या झाकून फक्त नंबर टाकायचे आणि बुरशी तिच्या मैत्रिणीने मोजायची असं डोक्यात आहे. कोणी मायक्रोबायोलॉजीवाले किंवा विज्ञानाचे शिक्षक असाल तर प्लीज सांगा. आणि उत्तर 'काही फरक नाही' आलं तर तिला कसं समजवायचं, ती रोज मनापासून बोलते त्या भाताशी.