वाडीवरच्या शाळेला काय द्यायचं?

मानसी (बी ३०२): नमस्कार मंडळी. माझी नणंद भोर तालुक्यात वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट २८, पहिली ते चौथी, खोल्या दोन आणि शिक्षकही दोनच. शाळा उघडायच्या आत थोडं सामान पोचवायचा विचार आहे. कुणाला काय जमेल?

काका (ए १०१): आमच्या जुन्या ऑफिसातून चार कॉम्प्युटर निघतायत. घेऊन टाका.

सी २०४: माझ्याकडे इंग्रजी गोष्टींची दोन खोकी आहेत. रद्दीत घालणार होते, त्यापेक्षा बरं.

मानसी: काका, रागावू नका, पण कॉम्प्युटर नकोत. मागे कुणीतरी नऊ मॉनिटर दिले, सीपीयूशिवाय! ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत चढले. एकदा चढलं की निर्लेखन (यादीतून काढणं) मंजूर होईपर्यंत भंगारातही देता येत नाही. वर्गाचा एक कोपरा त्यातच गेलाय.

काका: अरे देवा. आणि देणाऱ्याला वाटत असणार, केवढं पुण्य केलं 😄

ए ४०२: पण सरकार पैसे देतं ना? आपण टॅक्स भरतो तो जातो कुठे?

मानसी: देतं की. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३०पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, त्यातले १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात खडू, कागद, लाइट बिल, किडुकमिडुक दुरुस्ती. पट ३१ झाला की तेच अनुदान २५,०००. नणंदबाई वाडीत तीन पोरं शोधत फिरतायत.

ए ४०२: 🙏 हे माहीत नव्हतं.

काकू (सी १०३): पुस्तकं तर बालभारतीची फुकट मिळतात ना गं?

मानसी: मिळतात काकू. वह्यांचं अडतं. मधे पुस्तकातच कोरी पानं बांधून यायची, २०२५-२६पासून ती बंद झाली. त्यामुळे वह्यांचा खर्च पुन्हा आईबापांवर. २०० पानी, एकरेघी आणि चौकटी दोन्ही लागतील. ताईंनी, म्हणजे नणंदेनं, व्हॉइस मेसेजमध्ये अजून सांगितलंय ते असं. बस्करपट्ट्या, कारण पावसाळ्यात फरशीला ओल येते. मीटर टेप, तराजू आणि वजनं, काटे हातानं फिरवता येतील असं मोठं घड्याळ. डस्टर तर नाहीच, जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून फळा पुसतात. आणि फळाच मुळात इतका गुळगुळीत झालाय की खडू उमटत नाही, घसरतो. खिडकीतून उजेड आला की डावीकडच्या पोरांना नुसती चमक दिसते. ती पोरं उठून पुढे येतात, वाचतात, परत जागेवर जाऊन लिहितात. एकेका ओळीला.

सी २०४: बापरे. मग इंग्रजी पुस्तकं राहू देत. मराठी चित्रांची नवी घेते दहा-बारा.

सेक्रेटरी: चांगला उपक्रम. फक्त सोसायटीच्या फंडातून काही देता येणार नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. ज्याने त्याने आपापलं द्यावं. सामान क्लबहाऊसमध्ये ठेवा, रविवारपर्यंत.

ए ४०२: ५० वह्या माझ्याकडून. सगळे मिळून जाऊ या का? मुलांबरोबर एक ग्रुप फोटो?

मानसी: वह्यांसाठी धन्यवाद दादा. जाऊ या, पण पोरांना रांगेत उभं करून हातात वह्या देतानाचे फोटो नकोत. ताईंनी मुद्दाम सांगितलंय.

काकू: बरोबर आहे तिचं. बस्करपट्ट्या मी आणि बी विंगच्या वहिनी शिवतो. घरात जुन्या सतरंज्या पडल्यात, खाली जाड कापड लावू. २८ ना?

मानसी: ३१ शिवा काकू 🤞

काका: कॉम्प्युटर रद्द. फळ्याचं मी बघतो. घासून रंग दिला तर होईल, नाहीतर नवीन बोर्ड लावू. लांबी-रुंदी विचार, आणि भिंत विटांची आहे की दगडी तेही. खिळा कसा बसणार ते त्यावर ठरेल. जमलं तर खिडकीसमोरून बाजूच्या भिंतीवरच हलवू.

मानसी: विचारते काका. शाळेत रेंज नाही, ताई संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी येतात तेव्हाच फोन लागतो. सहानंतर कळवते.