घरगुती सीएनसीवर धातू कापायचा आहे: खर्च कशावर करावा?

प्रश्न:
नमस्कार. ॲल्युमिनियम प्रोफाइल जोडून मी ६०० × ४०० मिमी कार्यक्षेत्राचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कापणारे यंत्र) बनवला आहे. लाकूड आणि ॲक्रिलिक तो उत्तम कापतो. मात्र ॲल्युमिनियमच्या पट्टीत अर्धा मिमी शिरताच किंचाळू लागतो आणि कडेवर लाटा उमटतात. नेमा २३ आकाराच्या स्टेपर मोटरी (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणाऱ्या) काढून सर्वो मोटरी (स्वतःची स्थिती तपासत फिरणाऱ्या) बसवाव्यात, असे मित्र सुचवतात. पुढे माइल्ड स्टीलमध्ये खाचा पाडण्याचाही विचार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
मोटरींना तूर्त हात लावू नका. स्टेपर स्टेप चुकत असते, तर जॉबची (कापायच्या तुकड्याची) मापेच बिघडली असती. आवाज आणि लाटा म्हणजे चॅटर (कापताना होणारी थरथर), आणि त्याचे मूळ बहुधा सांगाड्याच्या लवचिकतेत असते. डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) बेडवर बसवून त्याचे टोक कोलेटजवळ (कटर पकडणाऱ्या भागाजवळ) टेकवा आणि स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) हाताने रेटून पाहा. माझ्या पहिल्या यंत्रात काटा बारा घरे, म्हणजे ०.१२ मिमी, सरकला होता आणि दोष झेड अक्षाच्या (स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या भागाच्या) पातळ प्लेटचा निघाला. लोंबता भाग दुप्पट लांब झाला की त्याच भाराखाली तो आठपट वाकतो, म्हणून झेड आखूड करणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

सांगाडा नव्याने करणार असाल, तर गॅन्ट्री (स्पिंडल पेलणारी आडवी कमान) स्थिर ठेवून टेबल सरकवावे आणि कार्यक्षेत्र निम्म्यावर आणावे. भंगारात जुन्या मिलिंग मशीनचे बिडाचे टेबल मिळाले, तर सोन्याहून पिवळे, कारण बीड कंपने जिरवते. गोल दांड्यांऐवजी २० मिमीचे लिनियर गाइड (सरळ सरकण्याचे रूळ) घ्या. पण ते ज्यावर बसतील ती पृष्ठे ग्राइंडिंग करून घेतली नाहीत, तर महागडे गाइडही अडकत चालतील.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, फक्त स्पिंडलचा मुद्दा राहिला. मिनिटाला २४,००० फेऱ्यांचे २.२ किलोवॅटचे स्पिंडल ॲल्युमिनियमला चालते. परंतु ६ मिमी कार्बाइड कटरने माइल्ड स्टील कापताना फेऱ्या साधारण ५,००० वर आणाव्या लागतात आणि तेथे त्याची शक्ती जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येते. स्टीलसाठी पट्ट्यावर चालणारे, कमी फेऱ्यांचे स्पिंडलच बरे. ॲल्युमिनियमला एकधारी कटर वापरा, आणि चिपऐवजी पूड पडू लागली, तर फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) वाढवा. भीतीने कमी करू नका.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. गेज लावून पाहिला: काटा अठरा घरे सरकला, आणि झेडची प्लेट अवघी १० मिमी जाडीची आहे. सर्वोची मागणी थांबवली आहे.