अनुभव धागा : कच्चं लिंबू आणि त्याचा जोडीदार

खेळात घेतात, पण ज्याच्यावर कधी राज्य येत नाही, ते कच्चं लिंबू. आमच्या वर्गात अशी दोन होती. एकाचा डावा पाय पोलिओने गेलेला आणि दुसरा मी, बोलताना अडखळणारा. अशा दोन पोरांची गट्टी तुमच्या आठवणीत असेल तर इथे लिहा. विनंती एकच, 'जिद्दीला सलाम' छापाचं नको. ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतंच.

सुरुवात मी करतो. सांगली जिल्ह्यातलं गाव, 1986 साल, पाचवी. हजेरीला माझी गाडी 'ह'वरच अडायची आणि अख्खा वर्ग माझ्यासोबत ह-ह-ह करायचा. एक दिवस मागच्या बाकावरून आवाज आला, "हजर!" गुरुजींनी मान वर केली नाही. त्यानंतर वर्षभर माझी हजेरी त्यानेच दिली. मी तापाने घरी होतो त्या दिवशीही दिली आणि दोन छड्या खाल्ल्या.

बदल्यात माझी सायकल. कॅरिअरवर बसायचं तर त्याला पायाला बांधलेल्या कॅलिपरच्या (आधाराच्या लोखंडी सांगाड्याच्या) गुडघ्याजवळच्या कड्या वर ओढाव्या लागत, मगच त्या लोखंडी पट्ट्या वाकायच्या. उतरल्यावर पाय ताठ केला की कड्या आपोआप खाली पडत. खट्. तो आवाज आल्याशिवाय मी हँडल सोडत नसे. अंगाने वाढला की कॅलिपर आखूड पडायचं, मग त्याचे वडील मिरजेहून नवं मापाचं करून आणत. नव्याचं चामडं पहिले पंधरा दिवस मांडीला काचायचं आणि तेवढे दिवस त्याच्या शिव्यांना धार चढायची. शिव्या मात्र अस्सल! मला कोणी चिडवलं की मी सायकल पळवायची आणि त्याने मागे वळून त्या घालायच्या, अशी कामाची वाटणी होती.

पल्स पोलिओ 1995 ला आला, हा त्याच्या बराच आधीचा. 27 मार्च 2014 ला जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं, त्या रात्री त्याचा फोन. "आमची जात संपली बघ. आता असलं चालणारं नवीन कोण येत नाही." यावर काय बोलायचं असतं? मी काहीतरी म्हणायला गेलो आणि पहिल्याच अक्षरावर अडकलो. एरवी माझं वाक्य तोच पुरं करायचा. त्या रात्री थांबला.

नववीनापास, ठाणे

माझं प्रकरण उलटं आहे. मित्राला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हातपाय ताब्यात राहत नाहीत. हाताने लिहिता येत नाही, डोकं मात्र वकिलाचं. 2014 ला तो दहावीत गेला आणि मी नववीत गचकलो. तेव्हा बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतलाच लागायचा. घरी सुतक आणि हा पठ्ठ्या आईला घेऊन, पेढे घेऊन दारात! तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर मी चार तास लिहायचो. त्याचं बोलणं पर्यवेक्षकांना कळत नसे, मला कळायचं. भूमितीत एका ठिकाणी मला वाटलं हा चुकतोय. मी पेन थांबवलं. "लिही गपचूप, तू नापास आहेस." बरोबर त्याचंच होतं. पुढच्या वर्षी ते प्रमेय मला पाठ न करता आलं.

काऊनबे, पुणे

अकोल्याहून पुण्यात आलो तेव्हा सातवीत होतो. 'करून राहिलो' म्हटलं की वर्ग फिदीफिदी. न हसणारा एकच. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार), त्याच वर्षी चालणं सुटून व्हीलचेअरवर आलेला. त्याने माझी वऱ्हाडीच शिकायला घेतली, सरांदेखत मला "काऊन बे?" (का रे?) करायचा. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. शिपाईमामा आणि मी त्याला खुर्चीसकट वर न्यायचो. वर्ग खाली आणावा हे शाळेतल्या कोणाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

कॉलेजात मला माणसं मिळाली. जाणं कमी झालं, मग बंदच. त्याचा शेवटचा मेसेज: 'काऊन बे, येऊन नाही राहिला?' एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. तो गेला त्याला सहा वर्षं झाली.

दळणवाला, नाशिक

वर सगळे 'मी नेलं, मी उचललं' लिहिताहेत म्हणून लिहितो. मी स्वतः कुबड्यावाला. माझ्याकडे हाताने चालवायची तीनचाकी होती. मित्राकडे सायकलही नव्हती. तो क्रिकेट खेळायचा नाही, बहिणींबरोबर रांगोळ्या काढायचा, म्हणून पोरं त्याला बायल्या म्हणत आणि खेळात घेत नसत. मला तर विचारायचेच नाहीत. दोन्ही घरची दळणं आमच्याकडे. डबा माझ्या मांडीवर, तो मागच्या दांड्यावर उभा, हात माझे. म्हणजे नेणारा मी, हे लक्षात घ्या.

एकदा उतारावर ब्रेक तुटला आणि दोघं पिठासकट गटारात. लोक धावले. चौघांनी मला उचललं, 'अरेरे, बिचारा', कोणी पाणी पाजलं. मला खरचटलंही नव्हतं. त्याच्या कपाळाला नंतर तीन टाके पडले, पण तो आपला आपण चढून वर आला. घरी आईने मात्र दोघांना सारखंच धोपटलं.

धागाकर्ता

@दळणवाला, आणि पीठ?

दळणवाला, नाशिक

बाजरीचं होतं. शेजारच्या कोंबड्यांची चंगळ झाली.